डीव्हीडीची लहान डिस्कवर केलेली कॉपी अडकते, उघडत नाही किंवा मावत नाही: तपासणी कुठून सुरू करावी

लग्नाच्या, गॅदरिंगच्या, नाटकाच्या जुन्या डीव्हीडी घेऊन लोक अजूनही येतात. मूळ डिस्क मोठी, म्हणजे दोन थरांची ८.५ जीबीची. कॉपी हवी असते साध्या ४.७ जीबीच्या डिस्कवर, कारण आईवडिलांच्या घरी अजून तोच जुना प्लेअर आहे. कॉपी कुणीतरी केलेलीही असते, पण ती नीट चालत नाही. तक्रार दर वेळी वेगळ्या शब्दांत येते, कारणं मात्र ठरावीक आहेत.

आधी लक्षण ओळखा

- प्लेअर डिस्क फिरवतो, 'लोडिंग' दाखवतो आणि शेवटी 'नो डिस्क' म्हणतो. तीच डिस्क कॉम्प्युटरवर मात्र उघडते.
- मेनू येतो, पण बटण दाबल्यावर काहीच होत नाही, किंवा भलताच भाग सुरू होतो.
- सुरुवात छान, शेवटच्या अर्ध्या तासात चित्र अडकायला लागतं.
- दर वेळी एकाच जागी क्षणभर थांबतं आणि पुढे जातं.
- अडकत नाही, पण अक्षता पडताना किंवा वरातीत चित्राचे चौकोन चौकोन होतात.
- कॉपी होत असतानाच कॉम्प्युटर 'रीड एरर' देऊन थांबतो.

प्लेअरच बिघडलेला नसेल तर या सगळ्याचं मूळ तीनपैकी एका ठिकाणी असतं: मूळ डिस्क वाचताना, मजकूर लहान करताना किंवा नवी डिस्क लिहिताना. एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की तिन्ही कामं एकाच दमात उरकतात आणि गडबड कुठे झाली ते कळायला मार्ग उरत नाही. म्हणून पहिलं काम, मूळ डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, हार्ड डिस्कवर घ्यायची. ती नीट चालली तर मूळ डिस्क पाकिटात घालून कपाटात ठेवा. पुढचे सगळे प्रयोग त्या फाइलवर करा. ही फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची असेल तर पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला हवा, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

डिस्कच्या पोटात काय असतं

हे दोन मिनिटांत समजून घेतलं तर पुढची निम्मी तपासणी डोळ्यांनीच होते. व्हिडिओ डीव्हीडीवर 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असतो. शेजारचा 'ऑडिओ_टीएस' रिकामा दिसला तर घाबरू नका, तो रिकामाच असतो. आत तीन प्रकारच्या फाइली. व्हीओबी फाइलींत चित्र, आवाज आणि सबटायटल एकत्र गुंफलेले असतात, आणि एकेक व्हीओबी १ जीबीच्या आतच ठेवावी लागते. म्हणून तीन तासांचं लग्न पाच-सात तुकड्यांत दिसतं. आयएफओ ही पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी: कोणता भाग डिस्कवर कितव्या सेक्टरला (माहितीच्या छोट्या कप्प्याला) सुरू होतो, मेनूतलं कोणतं बटण कुठे नेतं, आवाज कोणत्या प्रकारचा आहे, सगळं त्यात. बीयूपी म्हणजे त्याच आयएफओची हुबेहूब प्रत. ती मुद्दाम डिस्कवर लांब, व्हीओबींच्या पलीकडे ठेवतात, म्हणजे एका ओरखड्यात दोन्ही जात नाहीत.

नावंही लक्षात ठेवा. 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फाइली संपूर्ण डिस्कच्या मुख्य मेनूच्या. 'व्हीटीएस_०१_०' ही पहिल्या संचाच्या मेनूची, आणि खरं चित्र 'व्हीटीएस_०१_१' पासून पुढे.

१. पुसा, आणि सरळ रेषेत पुसा

खर्च शून्य. मऊ सुती कापड किंवा चष्म्याचं कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसत न्या. गोल गोल पुसू नका. डिस्कवरची माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. आडवा ओरखडा तो मार्ग फक्त ओलांडतो आणि तेवढं नुकसान ड्राइव्हमधली चूक-दुरुस्ती भरून काढते. गोल ओरखडा त्याच मार्गावरून लांबवर धावतो, तिथे दुरुस्तीचं गणित हरतं. चिकट डाग असेल तर साधं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो. थिनर नको. टूथपेस्टनं घासायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, पण प्रतिमा घेण्याआधी तो करू नका. घासल्यानं प्लॅस्टिक निघून जातं, परत येत नाही.

२. दोष डिस्कचा की प्लेअरचा

प्लेअरमध्ये बाजारातून विकत घेतलेली एखादी छापील डिस्क लावा. तीही अडकत असेल तर कॉपीचा दोष नाही, लेन्सवर धूळ बसली आहे किंवा लेझर थकला आहे. छापील चालते आणि घरी लिहिलेली चालत नाही, असं असेल तर पुढे या.

कॉपी आरडब्ल्यू म्हणजे पुन्हा पुसता येणाऱ्या डिस्कवर केली आहे का, ते पाहा. छापील एकथरी डिस्क लेझरचा निदान ४५ टक्के प्रकाश परत पाठवते, आरडब्ल्यू जेमतेम १८ ते ३०. जुन्या प्लेअरांना तेवढ्यात डिस्क ओळखता येत नाही आणि ते 'नो डिस्क' म्हणतात. प्रयोगाला आरडब्ल्यू ठीक, पण कुणाला द्यायची कॉपी साध्या डीव्हीडी-आरवर करा.

डिस्क अमेरिकेतल्या भाचीला पाठवली आणि तिथे चालली नाही, ही तक्रार वेगळी. घरच्या डिस्कला रीजन कोड, म्हणजे ती कोणत्या देशांत चालेल ते ठरवणारा अंक, नसतो, त्यामुळे रीजनच्या मागे लागू नका. आपली शूटिंगं पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चित्रं आणि ५७६ ओळी. तिकडचे बरेच प्लेअर फक्त एनटीएससी, म्हणजे तिकडची वेगळी व्हिडिओ पद्धत, जाणतात. अशांना डिस्क न पाठवता एमपी४ पाठवलेली बरी, त्यांच्या कॉम्प्युटरला आणि फोनला फरक पडत नाही.

३. डिस्क लिहिली कशी

'कॉम्प्युटरवर चालते, टीव्हीवर नाही' या तक्रारीचं सगळ्यांत जास्त भेटणारं कारण हेच. विंडोजमध्ये कोरी डिस्क टाकली की दोन पर्याय येतात: यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरा, किंवा सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी लिहा. लोक पहिला निवडतात आणि फाइली ओढून टाकतात. त्यात डिस्कवर यूडीएफ २.०१ ही फाइल पद्धत बसते, आणि टीव्हीखालचा प्लेअर शोधत असतो यूडीएफ १.०२. फाइली सगळ्या जागेवर असतात, पण प्लेअरला त्या दिसतच नाहीत.

उपाय: फाइली ओढून टाकू नका. इम्गबर्नसारख्या प्रोग्रॅमला 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर दाखवा. तो व्हिडिओ डिस्क ओळखतो, फाइल पद्धत योग्य ठेवतो आणि आयएफओ, व्हीओबी, बीयूपी ठरलेल्या क्रमानं लावतो. तो क्रम महत्त्वाचा आहे, कारण अनुक्रमणिकेत फाइलीचं नाव नसतं, सेक्टरचं अंतर असतं. इम्गबर्न फुकट आहे. त्याची नवी आवृत्ती २०१३ नंतर आलेली नाही, पण या कामाला जुनी पुरते.

डिस्क फायनलाइज, म्हणजे लिखाण पूर्ण करून बंद, झाली आहे ना, हेही बघा. हँडीकॅमच्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कबाबतीत तर आधी हेच. १.४ जीबीची ती डिस्क कॅमेऱ्यातच फायनलाइज करावी लागायची आणि घाईत ते राहून जायचं. कॅमेरा अजून चालू असेल तर त्यातच टाकून फायनलाइज करा, दुसरं काही करण्याआधी. आणि ती छोटी डिस्क फटीतून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये, गाडीतल्या प्लेअरमध्ये वगैरे, कधीही सरकवू नका. अडकून बसते.

४. फोल्डर डोळ्यांखालून घाला

नव्या डिस्कवर 'व्हिडिओ_टीएस' अगदी बाहेरच हवा. 'शुभविवाह' नावाच्या फोल्डरच्या आत तो असेल तर प्लेअर तिथवर जात नाही. मग आकार बघा. प्रत्येक आयएफओ आणि तिची बीयूपी बाइटपर्यंत सारखी असली पाहिजे. आयएफओ बिघडली असेल आणि बीयूपी धड असेल तर बीयूपीची प्रत काढून तिला आयएफओचं नाव द्या. पाच सेकंदांचं काम, आणि मेनू परत येतो.

व्हीओबींच्या मालिकेत शेवटची सोडून बाकीच्या जवळपास १ जीबीच्या असतात. मधलीच एखादी ४०० एमबीची दिसली तर बहुतेक कॉपी अर्धवट झाली आहे, पुढचं काही तपासू नका, प्रतिमा पुन्हा घ्या.

मेनू भलतीकडे नेत असेल तर कुणीतरी मधली व्हीओबी कापली, बदलली किंवा नाव बदलून टाकली आहे, आणि अनुक्रमणिका जुनीच राहिली आहे. आयएफओ-एडिट या प्रोग्रॅममध्ये सेक्टर पुन्हा मोजून भरायची सोय आहे, ती वापरा. इथे एक सावधगिरी: व्हीएलसी या कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हीओबी उघडली आणि चालली, याला पुरावा मानू नका. व्हीएलसी नुसती व्हीओबी चालवताना अनुक्रमणिकेकडे बघतही नाही. पूर्ण आयएसओ डिस्क म्हणून उघडा, मेनूतून आत जा, आणि प्रत्येक बटण एकदा दाबा.

विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कवरून फाइली ओढल्या आणि चित्रात हिरवे-गुलाबी चौकोन आले, तर तो बिघाड नव्हे. त्या डिस्कवर कुलूप असतं. हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-अ नुसार गुन्हा आहे. इथलं सगळं आपल्याच शूटिंगच्या डिस्कसाठी आहे.

५. शेवटी अडकते: डिस्क, वेग आणि कड

एकथरी डिस्क आतून बाहेर लिहिली जाते. म्हणजे कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेला, जिथे बोटं लागतात, डिस्क जराशी वाकडी असते आणि स्वस्त डिस्कचा रंगाचा थरही नीट पसरलेला नसतो. त्यामुळे सप्तपदीपर्यंत सुरळीत आणि पाठवणीला अडकली, तर आधी कडेवर संशय घ्या.

तीन गोष्टी करा. पहिली, डिस्क काठोकाठ भरू नका. ४.७ जीबी हा कंपनीचा हिशेब, विंडोज त्यालाच ४.३७ दाखवतं. मी लक्ष्य ४.२ च्या आसपास ठेवतो, बाहेरची पट्टी कोरी राहते. दुसरी, १६ एक्सची डिस्क १६ नं लिहू नका (एक्स म्हणजे लिहिण्याच्या वेगाचं माप). ४ किंवा ८ एक्सला लिहा. ४ एक्सला साधारण पंधरा मिनिटं लागतात, तेवढी द्या. त्याहून हळू जाण्यात फायदा नाही, १६ एक्ससाठी बनवलेल्या डिस्कवर अगदी मंद वेगाला लिखाण कधी कधी उलट बिघडतं. तिसरी, लिहून झाल्यावर 'व्हेरिफाय', म्हणजे लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळणं, चालू ठेवा. लोक वेळ वाचवायला नेमकं तेच बंद करतात.

वर कागदी स्टिकर चिकटवू नका. किंचित वाकडा बसला तरी डिस्क फिरताना थरथरते, आणि पावसाळ्यात त्याचं टोक सुटलं की थेट ड्राइव्हमध्ये जाऊन गुंततं. डिस्कसाठीचा मार्कर पेन बरा.

एकाच जागी क्षणभर थांबणं मात्र वेगळं. दोन थरांच्या डिस्कमध्ये लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जातो तिथे खूण असते. कॉपी एकाच थराची झाली तरी ती खूण अनुक्रमणिकेत राहून जाते आणि प्लेअर इमानदारीनं थांबतो. लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'लेअर ब्रेक काढा' असा पर्याय असतो, तो लावा. डिस्क खराब नाही.

६. चौकोन दिसतात: लहान करण्याचं गणित

डीव्हीडी श्रिंकसारखे प्रोग्रॅम चित्र पूर्ण नव्यानं तयार करत नाहीत. आहे त्याच एमपीईजी-२ (डीव्हीडीवर चित्र दाबून ठेवायची पद्धत) मधले बारकावे छाटतात, म्हणून काम लवकर होतं. चित्र मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत आणलं तर घरच्या टीव्हीवर फरक कळत नाही. ६०-६५ च्या खाली गेलं की लग्नाच्या शूटिंगमध्ये हमखास कळतो, कारण हातातला कॅमेरा, लुकलुकणाऱ्या माळा, हॉलमधला अपुरा उजेड आणि हवेत उडणाऱ्या अक्षता, यातलं काहीच दाबून बसवायला सोपं नाही. एकच माणूस माइकवर बोलतोय, असं भाषण निम्म्यावर आणलं तरी चालतं.

पण चित्राला हात लावण्याआधी आवाज बघा. इथे सगळ्यांत जास्त जागा सुटते आणि इथेच कुणी बघत नाही. बऱ्याच मिक्सिंगवाल्यांनी आवाज न दाबता, म्हणजे एलपीसीएममध्ये, ठेवलेला असतो. तो सेकंदाला १५३६ किलोबिट खातो. तीन तासांच्या डिस्कवर त्याचे होतात सुमारे २.०७ जीबी. तोच आवाज १९२ किलोबिटच्या एसी-३ मध्ये, म्हणजे दाबलेल्या रूपात, केला तर ०.२६ जीबी. सनई, गुरुजींचे मंत्र आणि मागचा गोंगाट यांत टीव्हीच्या स्पीकरवर फरक शोधून दाखवा.

आता हिशेब. मूळ डिस्क ७.५ जीबी, त्यात चित्र ५.४३. आवाज तसाच ठेवून ४.५ मध्ये (कंपनीच्या हिशेबानं, विंडोजमधले ४.२) बसवायचं तर चित्राला उरतात २.४३, म्हणजे मूळच्या निम्म्याहूनही कमी. आवाज आधी एसी-३ केला तर चित्राला ४.२४ मिळतात, म्हणजे ७८ टक्के. पहिल्या कॉपीत नवरीच्या चेहऱ्याचे चौकोन, दुसरीत काही नाही. लहान करणारा प्रोग्रॅम आवाज बदलून देत नाही. आवाज वेगळा काढून, बदलून, डीव्हीडी बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा जोडावा लागतो. दुपार जाते, पण जाऊ द्या.

याच टप्प्यावर काही लोक हँडब्रेक हा प्रोग्रॅम वापरतात आणि मग प्लेअर डिस्क घेत नाही म्हणून येतात. हँडब्रेक एमपी४ किंवा एमकेव्ही बनवतो, व्हिडिओ डीव्हीडी नाही. पेन ड्राइव्हसाठी उत्तम, जुन्या प्लेअरसाठी निरुपयोगी.

आवाज आधीच एसी-३ असेल आणि तरीही मावत नसेल, तर नको असलेले भाग काढा: फोटोंचा स्लाइड शो, दोनदा आलेला आहेर, चलचित्राचा मेनू. त्यानंतरही ६५ टक्क्यांच्या खाली जात असेल तर दोन डिस्क करा. हळद आणि सीमांतपूजन एकीवर, लग्न दुसरीवर. दुसऱ्या कोऱ्या डिस्कच्या पैशांत वाचवण्यासारखं काही नाही. चार तास एकाच डिस्कवर हवेतच असा हट्ट असेल तर सेकंदाला जेमतेम २.६ मेगाबिट मिळतात, आवाज धरून. मग श्रिंक सोडा, चित्र नव्यानं एन्कोड करा आणि रुंदी ७२० ऐवजी ३५२ घ्या. ३५२ बाय ५७६ हा आकार डीव्हीडीला मान्य आहे. चित्र थोडं मऊ दिसेल, चौकोन नसतील.

७. मूळ डिस्कच वाचत नाही

इथून पुढे वेळ आणि धीर लागतो. डीव्हीडीवर माहिती १६ सेक्टरांच्या, म्हणजे ३२ केबीच्या गठ्ठ्यात दुरुस्तीच्या अंकांसह असते. गठ्ठा वाचता आला तर अचूक येतो, नाही तर पूर्ण जातो. पण एक गठ्ठा म्हणजे चित्राचा सेकंदाचा विसावा भाग, आणि पाल डिस्कमध्ये पूर्ण चित्र फार तर १५ फ्रेमनी, म्हणजे १५ चित्रांनी, पुन्हा येतं (मधल्यांत फक्त बदल नोंदलेले असतात). म्हणजे एका जखमेचा परिणाम जास्तीत जास्त अर्धा-पाऊण सेकंद. एवढ्यासाठी विंडोजची कॉपी मात्र पूर्ण फाइल सोडून देते. म्हणून एररनंतर ओढून कॉपी करणं थांबवा.

जीएनयू डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून माहिती काढणारा प्रोग्रॅम वापरा. ब्लॉक २०४८ बाइटचा सांगा आणि मॅप फाइल ठेवा. आधी तो सोपे भाग उचलतो, अवघड मागे ठेवतो आणि कुठलं राहिलं याची नोंद मॅपमध्ये करतो. मग डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाका आणि त्याच मॅपवर पुन्हा चालवा, तो फक्त राहिलेले सेक्टर मागतो. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, हा अनुभव नेहमीचा आहे. म्हणून जुन्या डेस्कटॉपमधले राइटर (डिस्क लिहिणारे ड्राइव्ह) फेकू नका.

आणि ज्यांचं लग्न आहे त्यांना एक विचारा: दुसऱ्या घरी हीच डिस्क आहे का? शूटिंगवाल्यानं बहुधा दोन्हीकडे एकेक दिलेली असते. दोन्ही एकाच मास्टरवरून लिहिल्या असतील, म्हणजे एकूण आकार सेक्टरपर्यंत जुळत असेल, तर तीच मॅप फाइल ठेवून विहीणबाईंकडची डिस्क लावा. दोघींवरचे ओरखडे एकाच जागी असण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे भोकं भरून निघतात. आकार जुळला नाही तर हा उद्योग करू नका, भलतंच चित्र मध्ये घुसेल. त्यापेक्षा दुसऱ्या डिस्कची वेगळी प्रतिमा घ्या.

इथे थांबा

मधल्या भोकापाशी तडा गेलेली डिस्क कोणत्याही ड्राइव्हमध्ये फिरवू नका. वेगात ती फुटते आणि ड्राइव्हही जातो. प्लॅस्टिकचे दोन थर कडेला सुटू लागले असतील, आत पांढुरके किंवा तपकिरी डाग पसरले असतील, किंवा डिस्क टाकल्यावर दोन वेगवेगळे ड्राइव्ह तिला कोरी म्हणत असतील, तरी घरचे प्रयत्न बंद. फायनलाइज न झालेली हँडीकॅमची डिस्क आणि कॅमेरा बंद पडलेला, ही जोडीही त्यातलीच. आणि डीडीरेस्क्यूच्या दोन ड्राइव्हांवरच्या फेऱ्या होऊनही प्रतिमेचा मोठा भाग रिकामा असेल, तर तिसरा-चौथा ड्राइव्ह शोधत डिस्क तापवत बसू नका.

अशा वेळी डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा, कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे नाही. जाताना अर्धवट प्रतिमा आणि मॅप फाइल सोबत न्या, त्याचा वेळ वाचतो. त्याच्याकडून तयार डीव्हीडी मागू नका, आयएसओ फाइल मागा. डिस्क पॉलिश करायची असेल तर आधी विचारूनच, आणि काहीच निघालं नाही तर किती पैसे लागतील ते डिस्क हातात देण्याआधी लिहून घ्या.